हायडन: दरबारी चाकरीतला संगीतकार

१७७२ साली हंगेरीतल्या उन्हाळी महालात प्रिन्स निकोलाउस एस्टरहाझी यांचा मुक्काम लांबतच चालला होता. वादकांची बायकामुलं तिकडे आयझेनश्टाटला. पण धन्याला सांगणार कोण? ते काम वाद्यवृंदप्रमुख योसेफ हायडन यांनी सुरांवर सोपवलं. नव्या सिंफनीच्या अखेरीस एकेक वादक मेणबत्ती विझवून निघून गेला; उरली फक्त दोन व्हायोलिनं. प्रिन्सना मर्म कळलं आणि दरबार लगेच परतला, असं सांगतात.

गाड्यांची चाकं बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा १७३२ मध्ये ऑस्ट्रियातल्या रोहराऊ गावी जन्मला. व्हिएन्नाच्या चर्चमध्ये गायला, आवाज फुटल्यावर बाहेर पडला आणि १७६१ पासून एस्टरहाझींच्या नोकरीत रुजला. अंगावर दरबारी गणवेश, मागणीबरहुकूम नवं संगीत आणि वादकांची भांडणं मिटवणं, सगळं त्यांच्याचकडे. मात्र हाताशी कायमचा वाद्यवृंद असल्याने हवे ते प्रयोग करता आले. शंभराहून अधिक सिंफनी त्यांनी रचल्या. चार तंतुवाद्यांच्या चौकडीलाही घाट दिला.

१७९० मध्ये प्रिन्स वारले. मग हायडन लंडनला गेले. तिथे तिकीट काढून येणाऱ्या रसिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे वळणारा युरोप त्यांच्या एकाच आयुष्यात दिसतो.