वाफ्यातला वाटा



मेथीची पेंडी मातीमोल भावाने मिळाली की आपण खुशीत घरी येतो. त्याच दिवशी मिरज किंवा कोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातात बाजारातली पट्टी पडते. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता उरलेल्या रकमेत काढणीची मजुरीही भागत नाही. 2016 साली राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, थेट विक्रीची वाट खुली झाली. पण थेट विकलं तरी भाव पडायचा तो पडतोच, आणि तोटा शेतकरी एकटा सोसतो.

हा तोटा वाटून घेण्याची रीत इतरत्र रुजली आहे. जपानमध्ये 1970 च्या दशकात कीटकनाशकांच्या धास्तीने गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट बोली केली. त्या पद्धतीला तिथे तेईकेई म्हणतात. 1986 साली अमेरिकेतल्या दोन शेतांवर असंच काही सुरू झालं, आणि मुंबईत ‘हरी भरी टोकरी’ हा उपक्रम याच वाटेने गेला. हंगामाआधी कुटुंबांनी पैसे भरायचे आणि पिकेल त्यातला वाटा आठवड्याला घ्यायचा, एवढीच मांडणी. भाजी घरपोच येते ही सोय झाली. खरी किंमत आहे ती लागवडीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती रोख असण्याला, कारण बियाण्या-खतांची उधारी तेव्हाच चढते.

आता सभासदाची बाजू. वाटा घेतला की मागणी आपली राहत नाही. थंडीत चाकवत, पोकळा, करडई लागोपाठ येतील; कृष्णाकाठची वांगीही येतील. चैत्र-वैशाखात गवार आणि दोडक्यावर भागवावं लागेल. ऑगस्ट 2019 च्या महापुरात नदीकाठची शेतं कित्येक दिवस पाण्याखाली होती. अशा वर्षी टोपली रिकामी राहील आणि भरलेले पैसे परत मागता येणार नाहीत. हे ज्याला मनापासून कबूल असेल त्यानेच यात यावं, असं माझं ठाम मत आहे.

शेतकऱ्यालाही हे सोपं नाही. ऊस लावला की तोडणीपर्यंत एकच पीक सांभाळायचं असतं. इथे दहा-बारा भाज्या पाळीपाळीने लावाव्या लागतात, दर आठवड्याला काढणी असते, हिशेब उघडा ठेवावा लागतो. म्हणून सगळं रान यात घालू नये. दहा-पंधरा गुंठ्यांपासून सुरुवात करावी, ऊस आपल्या जागी राहू द्यावा.

साताऱ्यात किंवा सांगलीत एका गल्लीतली पंधरा-वीस घरं जमली तरी सुरुवात होते. ओळखीचा, जवळच्या गावचा शेतकरी गाठा. दसऱ्याच्या सुमारास त्याच्या बांधावर बसून रब्बीत काय लावायचं ते ठरवा. किती रक्कम, कोणता वार, पीक गेलं तर काय, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या करा आणि निम्मे पैसे त्याच दिवशी द्या.