हरळीचे पेशीतून पुनरुज्जीवन

गणेशपूजेत जिला दूर्वा म्हणून मान मिळतो आणि जिच्यापायी शेतकरी जेरीस येतो, ती हरळी अमेरिकेच्या दक्षिण भागात क्रीडांगणांची हिरवळ म्हणून मोठ्या निगुतीने जोपासली जाते. जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या संशोधकाने हरळीचा तिच्याच कुळातील आफ्रिकी जातीशी संकर करून १९५६ साली ‘टिफग्रीन’ हा बारीक पात्याचा वाण प्रसृत केला. परंतु हरळीची गुणसूत्रे ३६ आणि आफ्रिकी जातीची १८ असल्याने संकराच्या वाट्याला २७ आली, आणि या विषम संख्येची नीट विभागणी होत नसल्यामुळे त्याला बीजच धरेना. कांड्या लावून वाण वाढविता येतो. पण बीजाअभावी पुढील संकराचा मार्ग खुंटतो.

वनस्पतीच्या सुट्या पेशीपासून गर्भ निर्माण करता येईल, असे भाकीत गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०२ सालीच केले होते, आणि बीजाविना अशा वांझ संकराची नवी रोपे मिळविण्याची आजची तजवीज त्याच विचारावर उभी आहे. हरळीचा न उमललेला कोवळा तुरा निर्जंतुक करून, क्षार, साखर व ‘२,४-डी’ मिसळलेल्या अगारच्या जेलीवर अंधारात ठेवला, म्हणजे त्यातील पेशी आपले नेमून दिलेले काम सोडून नुसत्या विभागू लागतात व त्यांचा आकारहीन गोळा, म्हणजे कॅलस, तयार होतो. शेतात रुंद पानांच्या तणांचा नाश करणारे ‘२,४-डी’ हे द्रव्य येथे अल्प प्रमाणात पेशींना नवे जीवन देते! या गोळ्यांपैकी मऊ, पाणचट ते टाकून घट्ट, कणीदार तेवढे निवडावयाचे. कारण गर्भ धरण्याचे सामर्थ्य बहुधा त्यांतच असते. मग ‘२,४-डी’ काढून घेऊन प्रकाश दिला, की गर्भांना कोंब फुटतात, मुळे धरतात, आणि बीजाचा संबंध न येता रोप उभे राहते.

तथापि अशी सर्वच रोपे मूळ वाणाशी इमान राखीत नाहीत. कोणी खुजे निपजते, तर कोणी हरितद्रव्याविना पांढरेफटक. लार्किन व स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली या विचलनाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तंतोतंत प्रतिकृती हवी असणाऱ्यास तो दोष होय. परंतु वांझ संकरात नवा गुण शोधणाऱ्यास तीच संधी आहे. मात्र काचेच्या नळीतील गुणांचा दाखला पुरेसा मानू नये. ऊन, दुष्काळ, रोग आणि तुडवण सोसून मैदानात जे टिकेल, त्यालाच नवा वाण म्हणावे.