बालकांचे धर्मशिक्षण आणि मातृभाषा



उधना-जळगाव लोहमार्गाने खान्देशातील कुटुंबे येथील यंत्रमागांवर आली, ती आपली भाषा आणि आपले देवधर्म घेऊनच. परमुलखात वाढणाऱ्या मुलांना धर्म कोणत्या भाषेत सांगावा? या प्रश्नाचे उत्तर मला मराठी मुलखातील ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या इतिहासात सापडते.

फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. परंतु 1616 साली गोमंतकात निघालेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत आहे. मुलांसाठी त्यांनी रचलेली संवादरूप धर्मपोथी त्यांच्या निधनानंतर, 1622 साली, कोकणीत छापली गेली. पुढे 1873 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने ‘बालबोधमेवा’ हे मुलांचे मासिक काढले, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या बालकविता त्यात येत.

मात्र गोमंतकातील त्या शिक्षणामागे राजसत्तेचा दाब होता, हेही विसरता कामा नये. आपल्या संविधानाच्या 28व्या कलमानुसार अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीवाचून अज्ञान बालकास धर्मशिक्षण घेण्याची सक्ती करता येत नाही.

धर्म कोणताही असो, तो मुलाच्या मायबोलीत सांगावा आणि त्याला शंका विचारू द्यावी. ज्यांच्या स्मृतीस आपण आज वंदन करीत आहोत, त्या गुरुजनांना हेच रुचले असते, असे मला वाटते.