नोकरी शोधतांना सोबती तोडूं नका
(शिरूर व दौंड तालुक्यांतील तरुणांपुढें केलेलें भाषण)



नोकरी मिळाली नाहीं म्हणजे आमचा पोरगा लाजेनें मित्रांस टाळूं लागतो. ही लाजच घर बुडविते. आम्हीही असेच एकटे फिरलों. एका दलालानें कायम नोकरीचें आमिष दाखवून वडिलांच्या कांद्याच्या पट्टीचे पैसे लाटले. चार सोबत्यांस विचारलें असतें, तर त्यानें पूर्वीं दोघांस असेंच नाडलें होतें हें कळलें असतें.

रांजणगांव किंवा कुरकुंभच्या कारखान्यांत भरती कोठें आहे, ठेकेदार पगार वेळेवर देतो कीं नाहीं, हें आंत राबणारा सोबतीच खरें सांगतो. दौंडास राज्य राखीव पोलिसांचे गट आहेत. त्या भरतीसाठीं पहांटे एकटा धांवणारा आठ दिवसांत कंटाळतो, चौघे असले म्हणजे एकमेकांस उठवितात.

१८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईचे गिरणीकामगार एकत्र केले, म्हणूनच पुढें रविवारची सुटी मिळाली. एकट्याच्या अर्जास कोणी विचारलें नसतें.

तेव्हां बाजाराच्या दिवशीं चौघे एकत्र बसा. जाहिराती, पुस्तकें, गाडीभाडें वांटून घ्या. ज्यास नोकरी लागेल त्यानें मागच्यांस विसरूं नये. आणि मायबापांनो, मित्रांत बसणाऱ्या पोरास उडाणटप्पू म्हणूं नका. लेकीच्या मैत्रिणींसही दार मोकळें ठेवा.