डेटाबेसचा द्वारपाल



पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसचा एक स्वभाव आहे. जो कोणी जोडणी मागेल त्याच्यासाठीं तो एकेक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. मुद्दाम बदल न केल्यास अशा शंभरच जोडण्यांस मुभा असते. परीक्षेचा निकाल लागण्याच्या घटकेस हजारों विद्यार्थी एकदम आले, कीं ही पंगत भरते व पुढच्यास नकार मिळतो. यावरचा तोडगा म्हणजे मध्यें बसविलेला पीजीबाउन्सर. स्काइप कंपनींत जन्मलेला, २००७ सालापासून प्रचारांत आलेला हा छोटा प्रोग्रॅम थोड्याच जोडण्या उघड्या ठेवतो आणि आळीपाळीनें त्या अनेकांस वापरावयास देतो.

तो बसविला, एक प्रश्न विचारला, उत्तर आलें. एवढ्यावर पुष्कळजण समाधान मानतात. परंतु उत्तर येणें हा पुरावाच नव्हे! पीजीबाउन्सरचा पोर्ट सामान्यतः ६४३२, डेटाबेसचा ५४३२. ग्राहक जुन्याच पोर्टवर जात असला, तरी उत्तर येतेंच.

म्हणून मोजदाद करावी. डेटाबेसबरोबरच मिळणाऱ्या पीजीबेंच या साधनानें पन्नास ग्राहक एकदम सोडावे, आणि ते चालू असतां पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या तक्त्यांत त्यांच्या किती ओळी दिसतात तें पहावें. पूल वीसचा असतां वीस किंवा कमी दिसल्या तर ठीक. पन्नास दिसल्या, तर मंडळी द्वारपालास चुकवून आंत शिरत आहेत. (हे वीस प्रत्येक डेटाबेस व वापरकर्ता या जोडीमागें धरावयाचे, हें विसरूं नये.)

एवढ्यानें भागत नाहीं. पीजीबाउन्सर याच नांवाच्या त्याच्या आभासी डेटाबेसला जोडून ‘शो पूल्स’ अशी आज्ञा द्यावी. सीएल_वेटिंग या रकान्यांत ताटकळणारे ग्राहक दिसतात, मॅक्सवेटमध्यें सर्वांत जुना किती सेकंद थांबला आहे तें. क्षणभर रांग लागली तर चिंता नको. मॅक्सवेट चढतच गेला, तर बहुधा कोणी तरी जोडणी अडवून बसला आहे. मूळची पद्धत सेशनची असते. तींत ग्राहक निघून जाईपर्यंत जोडणी त्याच्याच हातीं राहते.

ट्रॅन्झॅक्शन पद्धतींत ती प्रत्येक व्यवहाराअंतीं मोकळी होते. मात्र तेथें ‘सेट’ या आज्ञेनें केलेला बदल मागें राहून भलत्याच ग्राहकाच्या पदरीं पडूं शकतो. सेशनभर टिकणारें कुलूपही विश्वासाचें रहात नाहीं. माझ्या मतें खरा धोका हाच, कारण एकट्यादुकट्या तपासणींत तो दिसत नाहीं. नुकतीच मोकळी झालेली जोडणीच आधीं देण्याचा या द्वारपालाचा प्रघात असल्यामुळें एकट्या परीक्षकाला पुनःपुन्हा तीच मिळते आणि सारें सुरळीत भासतें. तपासणीपुरता सर्व्हर_राउंड_रॉबिन हा पर्याय १ करावा, अनेक ग्राहक सोडावे, आणि ‘सेट’ केलेला बदल दुसऱ्याच्या हातीं जातो का तें निकालाच्या आदल्या आठवड्यांतच पाहून घ्यावें.