कोरड्या वाळूवरून काढलेला फोटो

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालवणला आमचं घर बंदरापासून चालत दहा मिनिटांवर. अंगणात उभं राहिलं की समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. माझी सगळी नोकरी याच तालुक्यात, शाळामास्तर म्हणून झाली. आणि नोकरीइतकाच जुना माझा दुसरा उद्योग म्हणजे फोटो काढणं. त्या उद्योगातली एक चूक आज तुम्हाला सांगणार आहे. चूक माझीच, म्हणून सांगायला मोकळा आहे.

पहिला कॅमेरा हातात आला तो मामाचा. मामा मुंबईचा चाकरमानी. एका गणपतीला येताना तो आगफा क्लिक-३ घेऊन आला आणि जाताना माझ्याकडे ठेवून गेला. एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. आणि विचार करून करून मी काय काढलं? तर सिंधुदुर्ग किल्ला, सूर्यास्त आणि वाकलेला माड. पुन्हा किल्ला, पुन्हा सूर्यास्त. गावात एवढी माणसं असताना बारा फोटोंत एकही माणूस नाही.

पुढे पगारातून चांगला कॅमेरा घेतला, छत्तीस फोटोंचा रोल आला, हात थोडा सुटला. हळूहळू किनाऱ्याचं गणित कळायला लागलं. समुद्राकाठी फोटो काढणाऱ्याला घड्याळापेक्षा पंचांग जास्त उपयोगी पडतं, हे मला एका होडीवाल्याने शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, आणि ओहोटी त्याच्या सहा तास मागे-पुढे, नऊच्या आसपास. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला ओली वाळू उघडी पडते आणि तिच्यात आभाळ उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, अष्टमीच्या भांगाला फारसं हलत नाही. हे माहीत असलं की निम्मी फेरी वाचते.

दुसरं शिक्षण खाऱ्या हवेने दिलं. इथे कॅमेरा कपाटात बंद करून ठेवला तर एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी चढते. माझी एक लेन्स अशीच गेली. तेव्हापासून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि अधूनमधून ऊन, असं पथ्य पाळतो. लोणच्याच्या बरणीला जपावं तसं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या किनाऱ्यावर रापण लागते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवतात. होडी लांबलचक जाळं सोडत समुद्रात अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि जाळं ओढायला सुरुवात होते. एकट्या-दुकट्याचं हे काम नाही. म्हातारे, पोरं, बायका, सगळे हात लावतात. बांगडे असोत की तारली, जे येईल त्याचे वाटे होतात. वाटेने जाणाऱ्याने जरा वेळ दोर धरला तर त्याच्याही हातावर चार मासे पडतात. मीही कॅमेरा पिशवीत टाकून दोर धरलेला आहे आणि त्या दिवशीचं कालवण खाल्लेलं आहे.

त्या रापणीत एक काका होते. रांगेत सगळ्यात पुढे, गुडघाभर पाण्यात त्यांची जागा. त्यांनी आवाज दिला की रांग ओढायची. १९९६ च्या डिसेंबरातली एक संध्याकाळ. सूर्य पाण्याला टेकायला आलेला, आभाळ केशरी, आणि समोर दोर ओढताना मागे रेललेली बारा माणसं. मी कोरड्या वाळूवर उभा राहून अकरा फोटो काढले. त्यातला एक छान साधला. केशरी आभाळावर बारा काळ्या आकृत्या, एकाच कोनात कललेल्या, आणि सगळ्यात पुढे काका. तो फोटो एका स्पर्धेला पाठवला आणि त्याला पारितोषिक मिळालं. मग तो एका कॅलेंडरवर आला. मी तो मोठा करून घरात लावला. येणारा-जाणारा वाहवा करायचा. मला वाटायचं, आपल्याला आता फोटो काढता यायला लागला.

तीन वर्षांनी काका गेले. बाराव्याच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा आमच्या दारात आला. भिंतीवर लावायला घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. होता तो मतदार ओळखपत्रावरचा, आणि तो कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. "मास्तरांनू, तुमी बाबांचे फोटो काढलेले मां?" त्याने विचारलं. मी अभिमानाने भिंतीवरचा फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ पाहिला. जवळ गेला, बोट लावून रांगेतलं पहिलं माणूस शोधलं. मग हळूच म्हणाला, "फोटो बरो आसा. पण बापाशीचा तोंड खंय?"

तोंड नव्हतंच. त्या अकरा फोटोंपैकी एकातही नव्हतं. आभाळाचा रंग मिळावा म्हणून मी आभाळाच्या उजेडाचं माप घेतलं होतं. तसं केलं की समोरचा माणूस काळा पडतो. ते मी जाणूनबुजूनच केलं होतं. ज्या माणसाच्या जिवावर मला बक्षीस मिळालं, त्याचा चेहरा मीच अंधारात ठेवला होता.

त्या रात्री मी निगेटिव्हचे सगळे डबे खाली काढले. दिव्यासमोर धरून एकेक पट्टी पाहिली. रापणीचे फोटो चिक्कार होते. पण कुठे पाठ, कुठे हात, कुठे नुसता दोर. पहाटेच्या सुमाराला एका रोलच्या अगदी सुरुवातीला काही तरी दिसलं. जुन्या कॅमेऱ्यात रोल भरला की पहिले दोन-तीन फोटो असेच उडवून रोल पुढे सरकवावा लागे. भरताना फिल्मवर उजेड पडलेला असतो, म्हणून ते फोटो कुणी जमेस धरत नाही. तसाच एक न पाहता उडवलेला फोटो. अर्धा भाग उजेडाने जळून पांढरा झालेला. उरलेल्या अर्ध्यात काका. होडीच्या सावलीत बसून जाळं शिवताहेत, हातात सुई, आणि कॅमेऱ्याचा आवाज ऐकून नुकतीच मान वर केलेली. तोंडावर थोडं हसू.

मी तो धुऊन घेतला तेव्हा त्याच्यावर खूणसुद्धा केली नव्हती. वाया गेलेला फोटो म्हणून सोडून दिला होता. सकाळी त्याचा मोठा प्रिंट काढला आणि ओला असतानाच त्यांच्या घरी नेऊन दिला. काकींनी तो पदराने पुसला आणि काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर मी बरेच दिवस कॅमेरा हातात घेतला नाही. घेतला तेव्हा पुन्हा रापणीवरच गेलो आणि एक साधी गोष्ट लक्षात आली, जी इतक्या वर्षांत आली नव्हती. आमचा समुद्र पश्चिमेला. संध्याकाळचं ऊन समुद्राकडून येतं. दोर ओढणाऱ्यांची तोंडं बहुतेक समुद्राकडे. म्हणजे संध्याकाळी सगळ्यात सुंदर उजेड त्यांच्या तोंडावरच पडलेला असतो! फक्त तो दिसायला फोटो काढणाऱ्याने पाण्यात उतरून समुद्राकडे पाठ करायला हवी. कोरड्या वाळूवरून पाठच दिसणार. मी वीस वर्षं बूट भिजू नयेत म्हणून कोरड्या वाळूवर उभा होतो.

पाण्यात उतरलो. पँट भिजली, एकदा लाटेने कॅमेराही भिजवला. पण चेहरे मिळाले. आणि पाण्यात उतरलेल्या माणसाशी लोक बोलतात, हेही कळलं. लिलावाच्या जागी मासे विकणारी एक मावशी एकदा म्हणाली, "इतके फोटो काढतास, पण माका येक तरी दाखवलात काय, मास्तरांनू?" खरंच दाखवला नव्हता. माझ्याकडून मासळीचा चोख भाव घेणाऱ्या बाईकडून मी मात्र वर्षानुवर्षं फुकट नेत होतो. तेव्हापासून नियम केला. ज्याचा फोटो काढायचा त्याचं नाव विचारायचं, प्रिंटच्या मागे नाव, जागा आणि तारीख लिहायची, आणि एक प्रत त्याच्या घरी पोचवायची. कुणी नको म्हणालं तर कॅमेरा खाली.

असं फक्त माझ्यासारख्या हौशी माणसाकडूनच होतं असं नाही. १९३६ साली डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकार बाईंनी कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. चिंतेने गालाला हात लावून बसलेली आई आणि तिला बिलगलेली मुलं. 'मायग्रंट मदर' या नावाने तो जगभर गाजला. पण लँगबाईंनी त्या आईचं नाव विचारलं नव्हतं. ते नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळायला १९७८ साल उजाडलं. बेचाळीस वर्षं सगळे तिचा चेहरा ओळखत होते आणि नाव कुणालाच माहीत नव्हतं. माझ्याकडे तर चेहराही नव्हता.

नियम पाळायला लागल्यावर विषय आपोआप बदलले. पावसाळ्याआधी माडाची झापं विणणाऱ्या बायका. दिवाळीच्या सुमाराला खळ्यात माटव घालणारी माणसं. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या होड्या आणि त्यांच्या आडोशाला पत्ते खेळणारे खलाशी. नारळी पौर्णिमेला बंदरावर जमलेली गर्दी, पण नारळाकडे नाही, तर गर्दीतल्या तोंडांकडे बघून काढलेली. पावसाळ्यात पर्यटक नसतात, किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद असतात, तेव्हा ढगांतून गाळून येणारा मऊ उजेड माणसांच्या चेहऱ्याला फार मानवतो. कडक उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, त्या तेव्हा पडत नाहीत.

आज ते जुने डबे उघडले की आणखी एक गोष्ट दिसते. मी 'रोजचंच' म्हणून काढलेलं किती तरी आता रोजचं राहिलेलं नाही. लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या आल्या. नळ्यांची छपरं जाऊन स्लॅब आणि पत्रे आले. रापणी कमी झाल्या. मोठ्या यांत्रिक जाळ्यांशी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा चालत आला, २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, तरी तक्रारी संपलेल्या नाहीत. किल्ला मात्र आहे तिथेच आहे. १६६४ साली कुरटे बेटावर शिवरायांनी त्याची उभारणी सुरू केली, आणि जुलै २०२५ मध्ये तो इतर अकरा किल्ल्यांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. फार आनंद झाला. त्याचे फोटो जगभर निघतील, निघायलाच हवेत. पण किल्ल्यापर्यंत होडी नेणाऱ्याचा फोटो कोण काढणार? किल्ला आणखी शंभर वर्षांनीही काढता येईल. होडीवाला तेवढा थांबणार नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. बारा फोटोंची चिंता गेली, दिवसाला शंभर निघतात. पण फोन पाण्यात पडला, बिघडला, बदलला, की सगळे जातात. आणि त्या शंभरात बघा, स्वतःचे किती, जेवणाच्या ताटाचे किती, सूर्यास्ताचे किती, आणि ते ताट वाढणाऱ्या आईचे किती. मी दुसऱ्यांना काय सांगणार? खळं सारवताना माझ्या आईचा एक फोटो माझ्याकडे असायला हवा होता. मी तेव्हा सूर्यास्त गाठायला धावत असायचो, आणि ती म्हणायची, "काळोखाच्या आत घरी ये."

गेल्या गणपतीत काकांच्या घरी गेलो होतो. त्यांच्या मुलाला आता मुलं आहेत. भिंतीवर तो फोटो आहे, मी नको म्हणत असताना त्यांनी अर्धा कापून न घेता पांढऱ्या भागासकट फ्रेम केलेला. धाकट्या नातवाने विचारलं, "आजये, हय पांढरा कसां?" काकी आता थकल्या आहेत. त्या सहज म्हणाल्या, "थंय दर्या आसा."

माझा बक्षीसवाला फोटो मी भिंतीवरून काढलेला नाही. तो तिथेच आहे. फक्त त्याच्या मागे मी त्या बाराजणांची नावं लिहिली आहेत. मिळवायला वर्ष लागलं. दोन नावं अजून मिळालेली नाहीत.

तेव्हा श्रोत्यांना एवढीच विनंती. घरात जे माणूस रोज दिसतं, म्हणून ज्याचा फोटो काढायचं कधी सुचत नाही, त्याचा एक फोटो काढा. उजेड त्याच्या तोंडावर आहे ना ते पाहा. मग तो कागदावर उतरवून घ्या आणि मागे नाव आणि तारीख लिहा. पेन्सिलीने लिहा. खाऱ्या हवेत शाई फुटते.