पाटी नको, वही दाखवा

स्वागताध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, पाळकबंधूंनो, लेखक-कवींनो आणि मागे सतरंजीवर लेकरांना मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या बहिणींनो, सलाम.

‘सलाम’ मी मुद्दाम म्हणते आहे. नगरकडच्या आमच्या गावात दोन ख्रिस्ती माणसे वाटेत भेटली की हाच शब्द निघे. आता आधी अंदाज घ्यावा लागतो. समोरचा जुन्या मंडळीचा असेल तर सलाम, नव्या स्वतंत्र फेलोशिपचा असेल तर ‘प्रेज द लॉर्ड’. चुकीचा शब्द निघाला तर पुढचे बोलणे आखडते. एकाच आळीत, कधी एकाच घरात, दोन नमस्कार झाले आहेत.

तरुण मुले-मुली मला विचारतात, बाई, आम्ही कुठे जावे? सीएनआयमध्ये, मेथडिस्टांकडे, मुक्तिफौजेत, की जिथे कुठल्याच पंथाची पाटी नाही अशा स्वतंत्र मंडळीत? अध्यक्षाने अशा वेळी ‘सगळीकडे प्रभू एकच’ असे गोड बोलून खाली बसायचे असते. मी तसे करणार नाही. या प्रश्नावर आपण फार वर्षे गोड बोललो, आणि त्या गोड बोलण्याची किंमत आपल्या घरांनी मोजली.

आधी जुन्या मंडळ्यांशी भांडते, कारण मी त्यांच्यातली आहे. ‘आमचा पंथ, आमची परंपरा’ म्हणून छाती पुढे काढणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: हा पंथ तुम्ही निवडलात केव्हा? तुमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यापुढे कोणी काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन आणि अँग्लिकन अशी तीन मते मांडून ‘विचार करा’ म्हटले होते का? अहमदनगरला १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आले, म्हणून आम्ही काँग्रिगेशनल. कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले, म्हणून तिकडचे प्रेस्बिटेरियन. नागपूरला १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप आले, म्हणून तिथे स्कॉटिश वळण. नाशिकजवळच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटी होती, म्हणून तिथले अँग्लिकन. बुलढाण्याकडे नाझरीन. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात शिरू नये असा मिशनांचा आपसात समझोता होता. युरोप-अमेरिकेतल्या भांडणांच्या रेघा महाराष्ट्राच्या नकाशावर ओढल्या गेल्या, आणि ज्या रेघेच्या आत आपले गाव आले तो आपला पंथ झाला. त्या रेघांसाठी आज सोयरीक मोडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सीएनआय, उभे राहिले. ते मोठे काम होते आणि मी त्यापुढे मान लववते. पण त्यानंतर काय झाले? मिळकतींचे खटले झाले. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या मिळकतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एकीकरण १९७० चे, निकाल २०१३ चा. ज्या लेकरांचा बाप्तिस्मा एकीकरणाच्या वर्षी झाला ती तोवर चाळिशी ओलांडून गेली होती. जमिनी सांभाळण्यात आपली शक्ती गेली, आणि त्या जमिनींवर ज्यांनी प्रार्थना करायची ती मुले शेजारच्या भाड्याच्या हॉलमध्ये निघून गेली. ‘मुले का गेली’ म्हणून रडू नका. आजारी बाईच्या घरी पाळक गेला नाही, फेलोशिपवाल्या चार बाया डबा घेऊन गेल्या. मुले तिथे गेली.

आता त्या हॉलकडे वळते. ‘आमचा पंथ नाही, आम्ही फक्त ख्रिस्ताचे’ असे तुम्ही म्हणता. हे वाक्य नवे नाही. करिंथच्या मंडळीतही ते होते. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र उघडा, पहिलाच अध्याय. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा, आणि चौथा म्हणे मी ख्रिस्ताचा. पौलाने तो चौथाही त्याच तक्रारीत मोजला आहे. गटबाजी करायला ख्रिस्ताचे नावही पुरते, हे त्याला पहिल्याच शतकात दिसले होते.

इतिहासातून दुसरा दाखला देते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत काही मंडळी उठली. सगळे पंथ सोडा, नुसते ख्रिस्ती म्हणवा, असे त्यांचे सांगणे होते. त्यांच्यातूनच डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट नावाचा पंथ झाला, आणि १९७० साली नागपुरात जे सहा पंथ एकत्र आले त्यांत तोही होता. लेकराला पाणी शिंपडून बाप्तिस्मा द्यायचा की मोठेपणी बुडवून, प्रभुभोजन कोणाला द्यायचे, स्त्रीने उपदेश करायचा की नाही, यांवर प्रत्येक मंडळीला काहीतरी ठरवावेच लागते. ज्या दिवशी ते ठरते त्या दिवशी पंथ जन्मतो, बाहेर पाटी असो वा नसो. फरक इतकाच की पाटीवाल्याचे मत छापलेले असते, वाचता येते, त्याच्याशी भांडता येते. बिनपाटीचे मत पास्टरच्या मनात असते.

तुम्ही पंडिता रमाबाईंचे नाव घेता, नारायण वामन टिळकांचे घेता. जरूर घ्या, पण पुरते घ्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला, अँग्लिकन मंडळीत झाला. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसरे मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या पत्रांचा सूर होता. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी कुठल्याही पंथाच्या दावणीला बांधले नाही. पण बाई कोणालाच उत्तर देत नव्हत्या असे समजू नका. १८८७ साली त्यांच्या कामासाठी बोस्टनमध्ये अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. त्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक होते आणि कामाचे वार्षिक अहवाल छापले जात. रमाबाईंना पंथ नव्हता, हिशेब होता. आणि त्या काय मागे ठेवून गेल्या? मूळ भाषांतून मराठीत केलेले अख्खे बायबल, केडगावच्याच छापखान्यात छापलेले.

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे शिष्य एकत्र बसावेत, असे त्यांचे स्वप्न होते. त्यांनी सोडले ते पगार आणि आसरा. आज काही जण मंडळी सोडतात ती दशमांश स्वतःच्या खात्यात वळवण्यासाठी, आणि नाव टिळकांचे सांगतात. ते मी या व्यासपीठावरून चालू देणार नाही.

हे साहित्य संमेलन आहे, म्हणून भाषेचेही बोलते. टिळकांची भजने, कृष्णराव सांगळ्यांची कीर्तने, १८४२ पासूनचे ज्ञानोदय नियतकालिक, बाबा पदमनजींची यमुनापर्यटन कादंबरी हे सगळे या मातीतून वर आले. शहरांतल्या कितीतरी फेलोशिपांत मराठी घरातली मुले आठवडाभर मराठीत भांडतात आणि रविवारी इंग्रजीत रडतात. आणि जुन्या मंडळ्यांनो, तुम्ही टाळ-मृदंग कपाटात ठेवून ऑर्गनचे कर्ज फेडत बसलात, तुम्हालाही मी सोडत नाही.

आता माझ्या घरचे सांगते. माझी थोरली बहीण शेवटची दहा वर्षे एका स्वतंत्र मंडळीत जात होती. तिथे तिला शांती मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिले. एकदा तिने दानाचा हिशेब विचारला. देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नको, असे उत्तर मिळाले आणि पुढच्या रविवारपासून तिच्या शेजारी कोणी बसेना. ती वारली तेव्हा आम्ही आमच्या जुन्या मंडळीच्या कबरस्तानात जागा मागितली. ज्या मंडळीत तिचा बाप्तिस्मा आणि लग्न झाले, त्या मंडळीने वर्गणीची वही उघडली आणि दहा वर्षांची बाकी दाखवली. दुपारपासून अंधार पडेपर्यंत माझी बहीण ओसरीवर पडून होती. एका मंडळीने वही दाखवली नाही, दुसरीने मेलेल्या बाईला वही दाखवली. कोणत्या मंडळीत जावे हा प्रश्न माझ्यापुरता त्या संध्याकाळी सुटला.

म्हणून मुलांनो, पाटी वाचून मंडळी निवडू नका. आत जा आणि विचारा. दानाचा हिशेब वर्षातून एकदा सगळ्यांपुढे मराठीत वाचला जातो का? पाळक चुकला तर त्याला जाब विचारणारे त्याच्या घरच्यांखेरीज कोणी आहे का? लग्न लावण्याचा अधिकार १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे या पाळकाला आहे का, की उद्या माझ्या मुलीला नोंदीसाठी हेलपाटे घालावे लागतील? कोणत्या जातीतून आलास हे इथे सोयरीक जुळवताना विचारतात का? आणि मी ही मंडळी सोडली तर माझ्या मयतीला येणार का? या प्रश्नांना सरळ उत्तर देणारी मंडळी बिशपची असो की भाड्याच्या हॉलमधली, तिथे बसा. जिथे प्रश्न विचारणे हेच पाप ठरते तिथून उठा, मग ती तुमच्या पणजोबांनी दगड वाहून बांधलेली का असेना.

मला कोणी विचारेल, तुम्ही स्वतः कुठे आहात? मी जुन्याच मंडळीत आहे. तिथे घटना आहे, निवडणूक आहे, वार्षिक सभा आहे, आणि त्या सभेत उभे राहून भांडायला जागा आहे. गेली काही वर्षे मी तिथे एकच ठराव मांडते: या गावात मरणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती माणसाला, तो रविवारी कुठेही जात असो, आपल्या कबरस्तानात जागा मिळावी. दर वर्षी तो पडतो. गेल्या वर्षी तीन हात वर झाले, यंदा अकरा. फेलोशिपमधल्या माझ्या भावाबहिणींनो, तुम्हीही तुमच्या हॉलमध्ये उभे राहा आणि हिशेब मागा. आपल्या दोघांचा ठराव एकच आहे.

ताईला शेवटी दूरच्या तालुक्याच्या गावी पुरले. तिच्या शेजारी दोन्हीकडचे लोक माती घालायला उभे होते, आणि त्या दिवशी सगळे एकमेकांना सलामच म्हणाले.

सलाम.